टोपण लावून एकदा, काढून एकदा

आमची ताई मुलांचे निबंध तपासायची. हे कळलं की लोक विचारायचे, "शिक्षिका आहात का?" आणि ताई म्हणायची, "होते." ते 'होते' ती अशा आवाजात म्हणायची की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या घशातच राहायचा. शाळा बंद पडली यात तिचा काही दोष नव्हता. मुलं कमी झाली, दोन शाळांची मिळून एक केली, आणि उरलेल्या शाळेत ताईचा विषय शिकवायला आधीच एक बाई होत्या. त्या ताईपेक्षा वाईट शिकवायच्या हे मला पक्कं माहीत आहे, कारण माझी लेक त्यांच्या हाताखालून गेली. पण ते असो. मी एकदा सुरू झाले की थांबत नाही.

मी धाकटी. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, लोकांना नंबर देते आणि "डॉक्टर आत्ता येतीलच" असं दिवसभर खोटं बोलते. माझा नवरा लेक लहान असतानाच गेला. देवाघरी नव्हे, दुसऱ्या घरी. तेव्हा ताई आपली बॅग आणि पुस्तकं घेऊन आमच्याकडे राहायला आली ती आलीच. टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत ताई आणि माझी लेक, बाहेर मी. लेकीला आम्ही खारू म्हणतो, कारण लहानपणी ती गालात घास धरून घरभर हिंडायची. लग्नाचं ताईच्या मनात कधी आलंच नाही, की आलं आणि तिनं स्वतःच खोडून टाकलं, देव जाणे. मला तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

शाळा गेल्यावर ती सराव केंद्रात लागली. मुलांना पुढं शिकायचं तर एक मोठी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात एक निबंध असतो. समोर विषय येतो, घड्याळ सुरू होतं, वेळ संपेपर्यंत लिहायचं. सहापैकी मार्क. त्या निबंधाचा सराव करून घेणारं हे केंद्र एका इमारतीच्या तळघरात होतं. रंगीत खुर्च्या होत्या, भिंतीवर हसणाऱ्या मुलामुलींचे मोठे फोटो होते, आणि त्यातलं एकही तोंड त्या तळघरात कधी कोणी पाहिलेलं नव्हतं. मालकांना सगळे सर म्हणायचे, जरी त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं.

ताईची तपासायची एक रीत होती. प्रत्येक निबंध ती दोनदा वाचायची. पहिल्यांदा पेनाला टोपण लावून, दुसऱ्यांदा काढून. टोपण असताना शब्द चुकलेला दिसो की वाक्य मोडलेलं दिसो, हात लावायचा नाही. "आधी त्याला बोलू तर दे," म्हणायची. "पाहुणा दारात आला की तू पहिले त्याचे बूट बघतेस का?" आता मी बघते, ते सोडा. पण ताई नाही बघायची. दुसऱ्या वाचनाला टोपण काढून मग ती हिरव्या शाईनं समासात लिहायची, आणि ते लिहिणंही काय एकेक. 'इथपर्यंत माझा तुझ्यावर विश्वास बसला होता, मग पुढच्या ओळीत पळालास का?' किंवा 'हे तुझ्या वडिलांचं मत आहे. तुझं कुठे आहे?' एका मुलाला तिनं नुसतं लिहिलं होतं, 'अजून एकदा भांड.' तो मुलगा महिनाभर तिच्याशी बोलला नाही आणि मग रोज तिच्याच टेबलाशी यायला लागला.

तिच्याबरोबर तपासायला एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. प्रत्येक निबंध दोघांनी वेगवेगळा वाचायचा, मार्क एकमेकांना दाखवायचे नाहीत, आणि फरक पडला की समोरासमोर बसून मिटवायचं, असा तेव्हा नियम होता. तो नियम म्हणजे त्या दोघांची करमणूक होती. अर्ध्या मार्कासाठी असे तावातावानं भांडायचे की बाहेर पालकांना वाटायचं आत काही वाटणीबिटणी चाललीय. ताई घरी येऊन सांगायची, "आज मास्तरांनी मला हरवलं. पोरीनं आईविषयी काय लिहिलंय ते मला दिसलंच नव्हतं." हरून इतकी खूश होणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग सरांनी ते यंत्र आणलं.

म्हणजे आणलं असं काही डोळ्यांना दिसलं नाही. संगणक तेच, टेबलं तीच. फक्त मुलानं निबंध लिहून बटण दाबलं की तिथल्या तिथं आकडा यायचा. साडेतीन. चार. अडीच. खाली दोन ओळी सूचना. सरांनी ताईला आणि मास्तरांना बोलावून समजावलं की घाबरू नका, तुमच्या पोटावर पाय येणार नाही. उलट यंत्र शिकवायला तुमचेच जुने तपासलेले निबंध लागणार आहेत. ताईनं वर्षानुवर्षं तपासलेले निबंध त्यांनी गठ्ठ्यानं त्याला खाऊ घातले. समासातलं मात्र नाही. ते म्हणे त्याच्या कामाचं नव्हतं, फक्त आकडे हवे होते.

ताई सुरुवातीला त्याच्याविषयी कौतुकानं बोलायची. आज त्यानं असं केलं, आज त्याला तसं जमलं नाही. जेवताना तेच, कपडे वाळत घालताना तेच. मी एकदा म्हटलं, "एवढं नाव घेतेस त्याचं, तर त्याला आता भाऊजीच म्हणते मी." खारूला ते इतकं आवडलं की घरात तेच नाव पडलं. ताई कामावरून आली की आम्ही मायलेकी विचारायचो, "काय म्हणाले भाऊजी आज?" ताई चिडायची, आणि गालातल्या गालात हसायचीही. तिला आयुष्यात असं कोणी चिडवलंच नव्हतं.

काही महिन्यांनी नियम बदलला. दोन माणसांनी वाचायचं बंद. निबंध आधी यंत्र वाचणार, मग एक माणूस, आणि माणसाला पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राचा आकडा आधीच दिसणार. माणसानं फक्त बरोबर आहे ना ते बघायचं. फरक वाटला तर आपला आकडा लिहायचा आणि कारण द्यायचं. आणि महिनाअखेरीला प्रत्येकाची 'जुळणी' भिंतीवर लागायची. म्हणजे तुमचे आकडे यंत्राशी किती वेळा जुळले ते. ज्याची जुळणी कमी, त्याला काम कमी.

ताई सरांकडे गेली. म्हणाली, मी माझ्या डोक्यानं मार्क दिले तर माझी जुळणी पडते, हे काय? सर शांतपणे म्हणाले, "अहो बाई, ते तुमच्याच मार्कांवर शिकलंय. त्याच्याशी पटत नाही म्हणजे तुमचं तुमच्याशीच पटत नाही." ताई परत आली आणि रात्री जेवताना मला म्हणाली, "असेलही ग. माणूस थकतो. सकाळी एक देतो, संध्याकाळी एक. ते थकत नाही." मला तेव्हाच राग आला होता, पण कोणाचा ते कळलं नाही, म्हणून मी दूध उतू गेल्यावरून खारूला बोलले.

मास्तरांनी मात्र वेगळंच केलं. त्यांनी एका मुलाचा बरा निबंध घेतला, त्यातला मधला परिच्छेद उचलून तसाच्या तसा पुन्हा चिकटवला, पुन्हा चिकटवला, आणि यंत्राला दिला. चार होते त्याचे पाच झाले. मग त्यांनी तो निबंध खालून वर लावला, शेवट आधी आणि सुरुवात शेवटी. पाचच राहिले. हे त्यांनी सगळ्यांसमोर सरांना दाखवलं. सर हसले. म्हणाले, "मास्तर, असं कुठलं मूल लिहितं का?" मास्तर म्हणाले, "लिहायला लागतील." त्या महिन्यात त्यांची जुळणी सगळ्यांत खाली होती, आणि पुढच्या महिन्यापासून त्यांना बोलावणं आलं नाही. ताई त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. तिला वाटलं ते काही बोलतील. ते छत्री विसरले म्हणून परत आले, छत्री घेतली आणि गेले.

त्यानंतर ताई हळूहळू बदलली. एका दिवसात काही झालं नाही, नाहीतर मी तिला तिथंच धरलं असतं. कोपऱ्यात साडेचार दिसायचे, मग ती वाचायची, आणि वाचताना तिला साडेचारच दिसायचे. आधी आधी ती कोपऱ्यावर अंगठा ठेवून वाचायची. मग मान वळवून. मग म्हणाली, किती वेळ जातो यात. हिरवं पेन तिच्या पर्समध्ये पडून असायचं, आता समासच नव्हता तर लिहिणार कुठे? दुसरं वाचन बंद झालं. नंतर पहिलंही नीट होत नसावं. एकदा मी तिच्या केंद्रात गेले होते, तिला किल्ली द्यायला. ती पडद्यासमोर बसली होती आणि निबंध असे सरकत होते, जसे आमच्या डॉक्टरांच्या हाताखालून एक्स-रे सरकतात. "वाचलास तो?" मी विचारलं. म्हणाली, "दिसतो ग आता. वाचायला नाही लागत." तिच्या जुळणीचा आकडा भिंतीवर सगळ्यांत वर होता. त्याच्याखाली कोणीतरी लहानसा तारा चिकटवला होता.

त्याच वर्षी खारूची परीक्षा आली.

खारूला फिजिओथेरपी शिकायची होती. दवाखान्यात माझ्या शेजारी एक मुलगी बसते, तिच्या वडिलांना पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकवलेलं खारूनं पाहिलं होतं. तेव्हापासून तिचं तेच. कॉलेजनं तिला जागा दिली होती, फी माफीची, पण अटीवर. निबंधात सहापैकी चार हवेत, आणि माफीची जागा फक्त शाळेतून थेट आलेल्यांना. म्हणजे ही एकच खेप. पुढच्या वर्षी परीक्षा दिली तरी फी भरून शिकावं लागणार, आणि ती भरणं आम्हा दोघींच्या आवाक्यातली गोष्ट नाही, हे खारूला न सांगताच माहीत होतं.

मावशी केंद्रात असल्यामुळे तिला तिथं फुकट सराव करता यायचा. आम्हाला वाटायचं, आपलं नशीबच मोठं. घरातच परीक्षक.

तिचा पहिला निबंध मला अजून आठवतो. विषय होता, शेजाऱ्यांनी एकमेकांच्या आयुष्यात लक्ष घालावं का. खारूनं आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याविषयी लिहिलं होतं. तो पहाटे पहाटे खोकायचा. भिंती पातळ, आम्हा सगळ्यांची झोप मोडायची. मी तर जमिनीवर पायसुद्धा आपटायचे, तेही तिनं लिहिलं होतं, कार्टीनं. मग एका पहाटे खोकला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी टायरवाल्यानं दार तोडलं. खारूनं फक्त घडलं ते लिहिलं होतं, आणि शेवटचं वाक्य होतं, 'खोकला थांबल्यावर आम्ही फार छान झोपलो होतो, हे मला विसरता येत नाही.'

यंत्रानं अडीच दिले. मुद्दे अपुरे, जोडशब्द वाढवा, निष्कर्ष स्पष्ट नाही.

खारू घरी येऊन जेवलीच नाही. मी तो निबंध वाचला आणि मला रडू आलं. ताईला म्हटलं, "अग, हा अडीचाचा आहे का? मला बघ काय झालंय ते." ताईनं कागद घेतला, आधी कोपऱ्यातला आकडा बघितला आणि मग वाचला. "चांगला आहे," म्हणाली, "पण लहान आहे. भूमिका नाही घेतलेली. आणि रडू आलं याला मार्क नसतात ग." मला काय कळतंय त्यातलं? मी नंबर देणारी बाई.

मग दोघी कामाला लागल्या. ताईला यंत्राचं पोटातलं माहीत होतं, कशानं वाढतं आणि कशानं घटतं. तिनं खारूला एक साचा करून दिला. सुरुवातीला 'आजच्या धावपळीच्या युगात'. मग 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे'. मध्ये 'याउलट' एकदा तरी. शेवटी 'यावरून निःसंशय सिद्ध होते की'. परिच्छेद जाडजूड. आणि कुठंतरी एक विद्वान. मी एकदा वाचत होते तर त्यात एक जगप्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ निघाला. मी विचारलं, "हा कोण ग बाई?" खारू म्हणाली, "कोणी नाही आई. पण त्यानं अर्धा मार्क वाढतो." आम्ही तिघी पोट धरधरून हसलो. त्या जगप्रसिद्ध माणसाला आम्ही घरातच धरायला लागलो होतो. दूध संपलं की खारू म्हणायची, "एका जगप्रसिद्ध समाजशास्त्रज्ञाच्या मते चहा आता काळा प्यावा."

अडीचाचे साडेतीन झाले, मग साडेचार, मग साडेपाच. साडेपाचाच्या खाली यायचं नावच नाही. मी दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, दाढ काढायला आलेल्या लोकांना सांगितलं, ते बिचारे तोंडात कापूस धरून मान हलवायचे. खारू फक्त एकदा म्हणाली, "मावशी, तू तुझ्या मनानं सांग ना. चांगला आहे का हा?" ताईनं वाचला. नीट वाचला, मी बघत होते. म्हणाली, "साडेपाच." खारू म्हणाली, "तसं नाही, चांगला आहे का?" ताईला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "साडेपाच म्हणजे काय मग?"

ती फसवत नव्हती. हे मला लोकांना समजावून सांगता येत नाही. खोटं बोलली असती तर मी तिला घरातून बाहेर काढलं असतं आणि मोकळी झाले असते. तिला खरोखर साडेपाच दिसत होते.

परीक्षेत विषय आला, मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की नवी घ्यावी. खारू बाहेर आली ती हसतच. एकीकडे, दुसरीकडे, याउलट, सगळं बसलं होतं, समाजशास्त्रज्ञही येऊन गेला होता. परीक्षेत म्हणे एक यंत्र आणि एक माणूस असे दोघं वाचतात, आणि दोघांचं नाही पटलं तर तिसरा माणूस. त्या खोलीत कोण होतं, काय बोललं, आम्हाला कधीच कळणार नाही.

निकाल लागला. बाकी सगळ्यात चांगले होते. निबंधात तीन.

फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर आलं, गुण कायम. कारण वगैरे काही नाही. कॉलेजात मी स्वतः गेले. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि जागा पुढच्या मुलाला गेली म्हणून सांगितलं. एवढ्या प्रेमानं तोंडाला पानं पुसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

खारूनं परीक्षेतला निबंध आठवून पुन्हा लिहून काढला, जवळजवळ तसाच. ताईनं तो केंद्रातल्या यंत्राला दिला. साडेपाच. ती तो कागद घेऊन सरांकडे गेली आणि मीही तिच्या मागोमाग गेले, कारण तिला भांडता येत नाही आणि मला दुसरं काही येत नाही. सर म्हणाले, "परीक्षावाले कसे तपासतात ते आम्हाला कुठं ठाऊक? आम्ही स्पष्ट लिहिलंय, अंदाजे गुण." कुठं लिहिलंय विचारलं तर पडद्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात दाखवलं. वर म्हणाले, "आमच्या यंत्राचा दोष म्हणाल तर हा निबंध आज घाला, उद्या घाला, साडेपाचच येणार. कमी नाही, जास्त नाही. याला विश्वासार्हता म्हणतात, बाई." मी म्हटलं, "माझा नवराही फार विश्वासार्ह होता. रोज न चुकता खोटं बोलायचा." सरांनी काखा वर केल्या. ताई माझा हात ओढत होती. तिची शिफ्ट सुरू व्हायची होती.

हो, ती अजून तिथंच जाते. न जाऊन सांगते कोणाला?

एका रविवारी ताई म्हणाली, मास्तरांकडे जाऊया. ते एका खोलीत एकटेच राहत होते. डोळे अधू झाले होते, कागद नाकाला लावूनही त्यांना वाचता येईना. "वाचून दाखवा," म्हणाले. ताईनं खारूचा निबंध मोठ्यानं वाचला. शेवटचं 'निःसंशय' झाल्यावरही ते डोळे मिटूनच बसले होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मला पहिल्या ओळीपासून आवडला नाही." ताई पुढं सरकून बसली. म्हणाली, "का? का ते सांगा मास्तर. कुठे चुकला? पूर्वीसारखं भांडा माझ्याशी." त्यांनी मान हलवली. "त्या यंत्राचा मला इतका राग आहे की त्याला जे आवडतं ते मला आवडणारच नाही. तुम्ही त्याच्या बाजूनं वाचता, मी त्याच्या विरुद्ध. वाचत आता कोणीच नाही. माझ्यावर कशाला विसंबता?" मग त्यांनी चहा केला, अंदाजानं साखर घातली, आणि तो इतका गोड झाला की आम्ही दोघींनी कसाबसा संपवला. जिना उतरताना ताई कठड्याला धरून उतरली. तशी ती कधी उतरत नाही.

खारू आता औषधांच्या गोदामात काम करते. खोक्यांवर चिठ्ठ्या लावते. तक्रार करत नाही, आणि तेच मला सोसत नाही. तिनं एकदा आदळआपट केली असती, मावशीला चार शब्द सुनावले असते, तर घरातली हवा तरी मोकळी झाली असती. पण ती मावशीच्या पांघरुणाची घडी करते आणि कामावर जाते. भाऊजी हा शब्द आमच्या घरात आता कोणी काढत नाही. समाजशास्त्रज्ञही गेला.

परवा संध्याकाळी मी भांडी पुसत होते. ताई नुकतीच येऊन पाय सोडून बसली होती. खारू आतून एक कागद घेऊन आली. खोकल्याचा निबंध. तिनं तो आपल्या हातानं, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिला होता. कोपऱ्यात आकडा नव्हता, खाली सूचना नव्हत्या, नुसता निबंध.

"मावशी, हा वाच ना एकदा," ती म्हणाली. "पेन घेऊन वाच. तू पूर्वी वाचायचीस तसा."

ताईनं पर्समध्ये हात घालून पेन शोधलं. सापडलं. टोपण लावलेलंच होतं. तिनं वाचायला सुरुवात केली. माझा हात भांड्यावर थांबला. मी देवाचं नाव फारसं घेत नाही, पण तेव्हा घेतलं.

वाचून झाल्यावर तिनं टोपण काढलं आणि परत पहिल्या ओळीवर आली. पेन समासाशी नेलं. तिथंच धरून ठेवलं. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली. परत सुलटा केला, कोपऱ्यात बघितलं. तिचे डोळे काय शोधताहेत ते मला कळलं आणि मला वाटलं तिच्या हातातून तो कागद ओढून घ्यावा.

"हा तू आधी लिहिलेला ना?" तिनं विचारलं. "त्या खालच्या आजोबांचा?"

"हो."

"किती होते ग याला?"

खारूनं माझ्याकडे बघितलं. अडीच, हे आम्हा दोघींना पाठ होतं. त्या रात्री ती न जेवता झोपली होती.

"पाच," खारू म्हणाली.

ताईनं कागद पुन्हा वर धरला. तिच्या कपाळावरची आठी गेली. ती वाचत गेली तशी मान डोलावायला लागली, आणि शेवटच्या वाक्याशी आल्यावर तिनं कागद मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला.

"पाचच आहेत हे," ती म्हणाली. "किती सुंदर लिहिलंयस ग, खारू. मला तेव्हाच वाटलं होतं."

खारूनं कागदाची घडी घातली आणि पेनाचं टोपण उचलून लावलं. मग तिनं मावशीला विचारलं, जेवायला आत्ता वाढू की थोड्या वेळानं.